सव्वा मुठीचा रोट

“मूठ भरतांना बोलू नको, आनि मोजतांना कोनले इसरू नको.”

वत्सलाच्या सासूने हे सांगितलं तेव्हा वत्सला नुकतीच लग्न होऊन आलेली, सोळा वर्षांची. श्रावणातली कानबाई, खानदेशात घरोघरी बसते ती देवी, जवळ आली होती. घरात जितकी माणसं तितक्या सव्वा मुठी गहू काढायचे, ते धुऊन वाळवून दळायचे, आणि त्या पिठाचा रोट घरातल्याच माणसांनी खायचा. पाहुण्याला नाही, लेकीला नाही, गायीलासुद्धा नाही. रोट उंबऱ्याबाहेर जात नाही. सासू म्हणे, एखाद्याच्या नावाची मूठ राहिली तर वर्षभर तो माणूस घरात असून घराबाहेर राहतो.

सासू गेली, नवरा रघुनाथ गेला, दोंडाईच्याजवळचं गाव सुटलं. वत्सला सुरतेला लिंबायतमध्ये एका खोलीत लेकाजवळ राहायला आली, तरी मुठी चुकल्या नाहीत. सोमवार, गुरुवार, एकादशी आणि रोज अंघोळीनंतर तुळशीला पाणी. तुळस डालड्याच्या डब्यात होती, पण होती.

प्लेगच्या वर्षी ती आली. खोल्याच्या खोल्या रिकाम्या करून लोक गावाकडे पळत होते आणि तिचा लेक योगेश मात्र यंत्रमागाच्या खात्यातच राहिला होता. त्याआधी चार वर्षं तो आठ जणांबरोबर एका खोलीत राहायचा. दिवसपाळीचे उठले की त्यांच्याच गोधडीत रातपाळीचे झोपत. आई आल्यावर त्याने वेगळी खोली घेतली. एकाच वेळी सहा लूम चालवायचा. दिवसभर त्या खडखडाटात ओरडून बोलून त्याचा आवाज कायमचा मोठा झाला होता. घरात मीठ मागितलं तरी तीन खोल्यांपलीकडे ऐकू जाई. गल्लीतल्या बाया हसत, “योग्याची माय, तुझ्या लेकाला कानगोष्ट सांगता येत नाही गं.”

सून वत्सलानेच पाहून आणली. वर्षा, अठरा वर्षांची, शिंदखेड्याकडची. आईबाप नव्हते, भावाने लग्न लावून दिलं. सावळी, हाताची चलाख. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तिला दिवस गेले. सासू-सुना दोघी उंबऱ्यात बसून साड्यांचे धागे कापायच्या. भूपेंद्रभाई नावाचा गुजराती माणूस सायकलवरून साड्यांचे गठ्ठे आणून टाकायचा. भरतकामाच्या मागे लोंबणारे दोरे कातरीने कापायचे, साडीला कातर लागू द्यायची नाही. वर्षाच्या हातून कधी लागली नाही. कापता कापता वत्सला मनाशी म्हणे, या श्रावणात चौथी मूठ.

चैत्रात पाचवा महिना लागला आणि तिला दवाखान्यात नाव घालायला नेलं. वजन झालं, पोट पाहिलं, दंडातून रक्त काढलं. आठ दिवसांनी सुवर्णा सिस्टरने दोघींना आतल्या खोलीत बोलावलं. सिस्टर परभणीकडची, बोलायला मऊ. तिने दार लोटलं, वर्षाला स्टुलावर बसवलं आणि हळूहळू सांगितलं. रक्तात एड्सचा जंतू आहे. आज काही होत नाही, पण जंतू आहे. बाळाला जाईलच असं नाही. तिघांत एखाद्याला जातो, दोघं सुटतात. नवऱ्याचं रक्त तपासायला हवं, त्याला घेऊन या.

वर्षाने विचारलं, “जेवणातून आला का?”

सिस्टर म्हणाली, नाही, जेवणातून येत नाही. भांड्यातून नाही, कपड्यातून नाही, हात लावल्यानं नाही. मग तिने कशातून येतो ते सांगितलं. वत्सलाने पदर तोंडाशी धरला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

परतताना दोघी रिक्षात बसल्या नाहीत, चालत आल्या. वर्षा दोन पावलं मागे होती. खाडीच्या पुलावर ती म्हणाली, “आत्याबाई, मी काही करेल नही.” वत्सला पुढे चालत राहिली. तिच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. घरात तीन माणसं. कागद आला तो हिच्या नावाचा. ज्याच्या शेतात आग आधी दिसली, आग त्याचीच, असं गावात म्हणत.

रात्रपाळीला निघायच्या आधी योगेश जेवायला बसला तेव्हा तिने त्याला सांगितलं. त्याचा घास हातात राहिला. मग तो बोलला, आणि त्याला हळू बोलता येत नव्हतं.

“माले काही व्हयेल नही. तिना रक्तमा निंघनं, ते तिले इचार.”

पत्र्याच्या भिंतीपलीकडे शेजारच्या प्रमिलाबाईच्या घरात भांड्यांचा आवाज थांबला.

रक्त द्यायला तो गेला नाही. आज खातं बंद नाही, उद्या लूमवरचा ताण्याचा बीम संपणार आहे, परवा मालक नाही म्हणतो. वर्षाने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

योगेश बोलला त्याच्या दुसऱ्या सकाळपर्यंत गल्लीला कळलं होतं. नळावर वर्षाची घागर लागली की पुढची बाई नळ राखेने घासून घेई. प्रमिलाबाई वाईट बाई नव्हती. तिच्या पोराच्या कांजण्यात वत्सला तिच्याकडे सात रात्री जागली होती. तीच आता दारातून बोलली, “वत्सलाबाई, तुम्ही देवाधर्माच्या. तुमच्या घरात असं कसं आलं? बघून करायची होती.” भूपेंद्रभाई आला तो सायकलवरून उतरलाच नाही. “मासी, हमणां काम नथी,” म्हणाला, कापून झालेला गठ्ठा दोन बोटांनी उचलला आणि पुढच्या दाराशी दोन नवे गठ्ठे टाकून गेला.

आणि वत्सलाने स्वतः काय केलं, ते तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवायचं. वर्षाच्या ताटाच्या कडेला तिने खिळ्याने फुली ओढली. पेल्याला तांबडा दोरा बांधला. गोधडी दाराजवळ सरकवली. वर्षाने ती फुली पाहिली, त्या ताटात जेवली, ते घासलं आणि आपल्या हाताने वेगळ्या कोपऱ्यात उपडं ठेवलं. हे सगळं न सांगता. कातर मात्र तिने सोडली नाही. साड्या नव्हत्या तर जुन्या लुगड्याचे तुकडे कापून बाळाची लंगोटं शिवत बसायची. वत्सला तुळशीला पाणी घालताना तिच्याकडे पाठ करायची. तिला भीती वाटायची की तोंड पाहिलं तर दया येईल, आणि दया आली तर लेकाकडे बोट जाईल.

सातव्यात पहिलटकरीण माहेरी जाते. ओटी भरून, हिरव्या बांगड्या भरून, गाडीत बसवून पाठवायची. वर्षाची ओटी कोणी भरली नाही. मृगाच्या आधी एका सकाळी वत्सला तिला घेऊन उधन्याच्या स्टेशनावर गेली. भुसावळकडे जाणारी पॅसेंजर उभी होती. वर्षाच्या हातात एक पिशवी, तिच्यात लंगोटं, आणि ते फुलीचं ताट. ते तिने स्वतःच घेतलं होतं. “तठे बी लागी,” एवढंच म्हणाली.

खिडकीशी बसल्यावर तिने गजातून हात बाहेर काढला, पण सासूचा हात धरला नाही, गजच धरला.

“आत्याबाई, श्रावणमा मनी मूठ नका धरू. पन याची धरा. हाई लेकरू घरनं शे.”

गाडीने धक्का दिला. वत्सला चार पावलं बरोबर चालली.

“धरसू,” ती म्हणाली.

“आनि रोट?”

“त्याचा घास त्याच्या तोंडाला लावीन.”

गाडी गेली. बोलताना वत्सलाच्या मनात फार काही नव्हतं. निघालेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती हो म्हणाली होती.

आषाढात योगेश खात्यात पडला. लूमवरची सुताची तार तुटली म्हणून वाकला तो उठलाच नाही. शेजारच्या लूमवरचा निंबा त्याला पाठीवर टाकून घेऊन आला. आधी खोकला, मग हगवण, मग तोंडात पांढरे चट्टे. पंधरा दिवसांत त्याचे हात मनगटाशी मुलीसारखे बारीक झाले. वत्सला त्याला धरून मोरीत न्यायची, धुवायची, पुन्हा गोधडीवर निजवायची. त्याचा आवाजही बारीक झाला होता. तीन खोल्या सोडा, उशाशी बसलं तरी कान द्यावा लागे.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आधीचे काही कागद असतील तर आणा. वत्सलाला अक्षर येत नव्हतं. घरातला प्रत्येक कागद ती देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. रेशनचं कार्ड, वीजबिलं, रघुनाथच्या मरणाचा दाखला, योगेशचा खात्याचा पास. कागद म्हणजे लक्ष्मी, सरस्वती, दोन्ही. दर पाडव्याला त्यांवर ती हळदीकुंकू वाहायची. तिने पेटीच उचलली आणि दवाखान्यात घेऊन गेली.

सुवर्णा सिस्टरने टेबलावर कागद पसरले. त्यांतला एक चौपदरी घडीचा होता. वर्षानुवर्षांच्या कुंकवाने त्याची घडी लाल झाली होती, हळदीचं बोट उमटलं होतं. सिस्टरने तो उलगडला, वाचला, तारीख पुन्हा वाचली.

“मावशी, हा कागद तुमच्याकडे कधीपासून आहे?”

वत्सलाला तो आठवत होता. शहाण्णवच्या दिवाळीआधी योगेशला बारा दिवस ताप होता, तेव्हा दवाखान्यात रक्त काढलं होतं. ताप उतरला, तो कामावर गेला, म्हणून कागद आणायला तीच गेली. खिडकीतला माणूस गुजरातीत बराच वेळ काहीतरी सांगत होता. तिला एवढंच कळलं की पोराला पाठवून द्या. तिने घरी येऊन सांगितलं. योगेशने कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि म्हणाला, ठेव देवाजवळ, ताप तर गेला. तिने ठेवला. पहिलं कुंकू त्याच दिवशी लावलं, लेक वाचला म्हणून.

सिस्टरने विचारलं, “आणि लग्न कधी झालं त्याचं?”

वत्सलाने बोटांवर मोजलं. दिवाळी. मग एक अख्खं वर्ष. मग त्याच्या पुढचा वैशाख.

सिस्टरने कागदावरच्या तारखेवर बोट टेकवलं. तिने कागद उलटा करून ठेवला आणि त्यावर आपला हात ठेवला. वत्सला त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “म्हणजे जंतूचा पहिला कागद माझ्या लेकाचा, सुनेचा दुसरा?”

“दुसरा, मावशी.”

बाहेर व्हरांड्यात पोटुशा बायांची रांग होती. कुणी केळं खात होती, कुणी पाय लांब करून बसली होती. त्यांच्यातून वाट काढत वत्सला नळाशी गेली. तिने हात धुतले. पुन्हा धुतले. बोटांच्या टोकांना कुंकू लागलं होतं.

त्या दुपारी तिने योगेशला भाताची पेज भरवली, तोंड पुसलं, आणि मग तो कागद त्याच्या छातीवर ठेवला. त्याने कागदाची लाल घडी पाहिली आणि नजर वर पत्र्याकडे वळवली. डोळ्यांच्या कडांनी पाणी कानात उतरत होतं. मग तो बोलला. हे बोलणं मात्र भिंतीपलीकडे गेलं नाही.

“माय, माले वाटनं, ताप गया म्हनजे तेबी गयं.”

तो तेव्हा बावीस वर्षांचा होता, सहा लूम चालवत होता, दोन भाकरी जास्त खात होता. आजारी माणूस असा कुठे असतो? आठ जणांच्या खोलीतले सगळेच पगाराच्या दुसऱ्या दिवशी ज्या बायांकडे जात तिथे तोही गेला होता. त्यांतला दत्तू मेला तेव्हा सगळे म्हणाले, दारूनं मेला. यानेही तेच धरलं. पुढे आईने मुलगी पाहिली, तेव्हा सांगायला तोंड उघडलं नाही. आणि वर्षाच्या रक्तात निघालं त्या रात्री तोंड उघडलं ते भलतंच बोलून गेलं.

वत्सलाने त्याला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, “मी तिच्या ताटावर फुली ओढली रे.” आणि मोरीत जाऊन त्याचे कपडे आपटत बसली. कपडे स्वच्छ झाले तरी आपटत राहिली.

श्रावण लागला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गावचा हिलाल आला. तो लिंबायतमध्ये भाजीची गाडी लावायचा आणि गावाकडे फेऱ्या मारायचा. त्याने बाहेरूनच निरोप दिला. वर्षाला भावजयीने घरात घेतलं नाही, खळ्यावरच्या कोठ्यात, गुरांच्या जागी, ठेवलंय. भाकरी पत्रावळीवर टाकतात, पाणी वरून ओततात. नववा लागलाय, पाय सुजलेत. सुईण म्हणाली, मी हात लावणार नाही. “कोन देखी तिले, माय?” हिलाल म्हणाला. “ताट घेऊन बसलेली असते.”

वत्सला दुसऱ्या दिवशी सुवर्णा सिस्टरकडे गेली. सिस्टर म्हणाली, इथे आणा. आम्ही हातमोजे घालतो, आम्हाला भीती नाही. बाळंतपण मी करीन. पण लवकर आणा.

कोण आणणार? योगेशला आता कूस बदलता येत नव्हती. डॉक्टरांनी त्याला घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि घरी न्या म्हणजे काय ते रघुनाथच्या वेळेपासून तिला ठाऊक होतं. जायला एक दिवस, यायला एक दिवस. त्या दोन दिवसांत लेक गेला तर तोंडात पाणी घालायला आई नसेल. गेली नाही तर कोठ्यात ती पोरगी एकटी मोकळी होईल, किंवा होणारही नाही. वत्सला देव्हाऱ्यासमोर बसली. तिने आजवर देवाला बरंच मागितलं होतं. त्या दिवशी काय मागावं ते सुचेना, तेव्हा नुसती बसून उठली.

शनिवारी तिने गहू काढले. सूप पुढ्यात घेतलं, पदर खोचला. बाहेर प्रमिलाबाई दाराच्या कडेला उभी होती. आत येत नव्हती, पण तिच्याही घरची कानबाई होती, पीठ दळायला दोघी दरवर्षी बरोबर जात. तिने विचारलं, “यंदा दोनच ना?”

वत्सला बोलली नाही. मूठ भरताना बोलायचं नसतं. सव्वा मूठ योगेशची. सव्वा तिची स्वतःची. मग सव्वा वर्षाची. तिने नको म्हटलं होतं ती. मग हात गव्हात तसाच राहिला. पोटातल्याचं अजून नाव नव्हतं, मुलगा की मुलगी ते माहीत नव्हतं, रक्तात काय आहे ते दीड वर्ष कुणाला कळणार नव्हतं. तिने मूठ भरली, वर पाव मूठ भरली, सुपात सोडली.

प्रमिलाबाईने ओठ हलवत मोजलं होतं. गिरणीवर तिने आपलं पीठ मागे ठेवलं आणि वत्सलाचं आधी दळू दिलं.

रविवारी नारळाची कानबाई बसली. नथ घातली, खण नेसवला. रोट म्हणून त्याच पिठाच्या पुरणाच्या चार पोळ्या, गंगाफळाची भाजी, खीर. योगेशच्या जिभेवर तिने खिरीचा थेंब ठेवला. त्याने तो गिळला, आणि पाटावरच्या पोळ्यांकडे बघून ओठ हलवले. तिने कान नेला.

“चार?”

“चार.”

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, “जाय माय. तिले ली ये.” आणि थोड्या वेळाने, “माले सांभाळशीन तं ती ऱ्हाई जाई.”

सोमवारी पहाटे गल्लीतल्या सगळ्या कानबाया डोक्यावर घेऊन बाया तापीकडे निघाल्या. वत्सला आपली घेऊन मागून चालली. पाण्यात कानबाई सोडली, ओंजळभर वाळू घेतली, परत आली. योगेशला धुतलं, कोरडं केलं, अंगाखाली जुनं मऊ लुगडं घातलं. निंबाने दोन दिवस खाडा केला होता, तो उशाशी येऊन बसला. पेज कशी करायची, किती पातळ, कुठल्या कुशीवर निजवायचं, ते तिने त्याला दोनदा सांगितलं. गंगेच्या पाण्याची कुपी त्याच्या हातात दिली, तेव्हा काही सांगितलं नाही. निंबाने ती खिशात घातली.

मग तिने पितळी डबा घेतला. तळाला केळीचं पान, वर दोन पोळ्या, वर पुन्हा पान. डबा स्वच्छ फडक्यात बांधला. मांडणीवरचं तिचं स्वतःचं जेवणाचं ताट काढलं, ज्यावर फुली नव्हती, आणि पिशवीत ठेवलं. हिरव्या बांगड्यांचा डझन, एक नारळ, खण, मूठभर तांदूळ. सातव्यात राहिलेलं सगळं.

लेकाच्या कपाळावरून तिने हात फिरवला. कपाळ तापलेलं होतं. त्याने डोळे उघडले नाहीत, पण बोटं थोडी हलवली, लूमवरच्या माणसांना खडखडाटात बोलता येत नाही तेव्हा ते एकमेकांना हातानं खूण करतात तशी. निघ.

दारात प्रमिलाबाई उभी होती. तिने डब्याकडे पाहिलं, फडक्याच्या गाठीकडे पाहिलं.

“वत्सलाबाई, रोट? उंबऱ्याबाहेर?”

“घरच्याच माणसांना नेते,” वत्सला म्हणाली.

प्रमिलाबाई बाजूला झाली. तिच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता; तो तिने उंबऱ्याच्या आत ठेवला, आणि तांब्याबरोबर तीही आत गेली.

उधन्याची गाडी सुटायला अजून वेळ होता. रात्री पाऊस पडून गेला होता, गल्लीत चिखल होता. वत्सलाने वहाणा हातात घेतल्या, डबा कमरेवर घेतला आणि कडेकडेने, पाय घसरू न देता, स्टेशनाकडे चालू लागली.